दुसऱ्या ओळीपासून

मोठे दीर येणार म्हटलं की माणसं घर झाडून-पुसून घेतात. मी सकाळपासून घरातले टॉवेल लपवत होते.

मोठे दोन कपाटावर फेकले, बाकीचे धुण्याच्या मशीनमध्ये कोंबले. स्वयंपाकघरातली फडकी डब्यामागे सारली. चादर आणि उशांचे अभ्रे काढले, बोडक्या उशा तशाच पलंगावर टाकल्या, आणि पदर नको म्हणून सासूबाईंना गाऊन घातला. शेवटी पायपुसण्याकडेही संशयाने बघितलं आणि तेही गॅलरीत भिरकावलं. सासूबाईंच्या हाताला आज कापड लागता कामा नव्हतं. कापड लागलं की ते डोक्यावर जाणार, आणि डोक्यावर गेलं की त्यांच्या तोंडून पलीकडच्यांची प्रार्थना सुरू होणार. आमच्यात प्रार्थनेला डोकं झाकत नाहीत, त्यांच्यात झाकतात. फरक म्हटला तर एवढाच. पण तो आज दिरांच्या नजरेस पडला, तर संध्याकाळी सासूबाई या घरात नसतील हे मला माहीत होतं.

पलीकडची म्हणजे शिवणताई. आमचं आणि तिचं दार एकाच मजल्यावर, जिन्याच्या डोक्याशी. मधली भिंत एकच, आणि ती तरी कसली, नुसता पुठ्ठा. तिच्याकडे चमचा पडला तर मी इकडे खाली बघते. ती शाळेचे गणवेश शिवते, दुकानांतून आलेल्या पँटी आखूड करते, दिवसभर मशीनवर असते. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. नवरा मालाचा ट्रक चालवतो, तो आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर आणि उरलेले निम्मे झोपेत. सासूबाईंची आठवण जायला लागली तेव्हा त्यांच्यापाशी दिवसा बसणार कोण, म्हणून मी रडकुंडीला आले होते. शिवणताई दारात येऊन म्हणाली, "मी घरीच तर असते. माझ्याजवळ बसू देत. बटणं निवडतील." बस्स, एवढ्यावर ठरलं. तेव्हापासून मी कामावर जाताना सासूबाईंना तिच्या स्टुलावर बसवते आणि येताना घेऊन येते.

मशीन चालू असेपर्यंत सासूबाई बटणं निवडतात. शिवणताईची प्रार्थनेची वेळ झाली की मशीन थांबतं, ती डोक्यावर कापड घेते आणि खिडकीकडे तोंड करून म्हणते. शिकवायला कुणी गेलं नाही. सासूबाईंच्या डोक्यातून आमची नावं गेली, वार गेले, आमची प्रार्थनाही गेली, आणि त्या रिकाम्या जागेवर ही येऊन बसली. पहिल्यांदा त्यांनी रुमाल डोक्यावर घेऊन ती घडाघडा म्हटली तेव्हा मला हसू आलं. मग राग आला. आणि खरं सांगायचं तर रागाखाली मत्सर होता. घास भरवायचा मी, ओलं अंथरूण बदलायचं मी, आणि सासूबाई "अक्का" म्हणून जीव टाकणार शिवणताईवर. त्यांना ती आपली थोरली बहीण वाटते. मी कोण वाटते, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

हे सगळं आमच्या आमच्यात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण गेल्या काही महिन्यांत गावाची हवाच बिघडली. एका मिरवणुकीच्या वाटेवरून दोन्हीकडची पोरं भिडली, काचा फुटल्या, आणि मग वर्षानुवर्षं एकमेकांकडून विरजण नेणारी माणसं कोण कोणाच्या दुकानात शिरतं ते डोळ्यांत तेल घालून बघायला लागली. खालच्या किराणावाल्याला तर जन्माचं काम मिळालं. त्यानेच दिरांना फोन केला, "तुमच्या आई दिवसभर त्यांच्या घरात असतात. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही."

दीर आमच्या प्रार्थनाघराच्या मंडळावर आहेत. त्यांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "रविवारी येतो. आईला बघतो. तसंच काही असेल तर गाडी आणतोय, घेऊन जातो."

घेऊन जाणार म्हणजे कुठे, तर त्यांच्या दहाव्या मजल्यावरच्या घरात. दोघं नवराबायको नोकरीवर, आणि सासूबाईंसाठी पगारी बाई. मध्यंतरी रंगकामासाठी मी सासूबाईंना नुसतं या खोलीतून त्या खोलीत हलवलं, तर त्यांनी अन्न सोडलं होतं. भिंतीला हात लावून "मला घरी न्या" म्हणत राहायच्या. दहाव्या मजल्यावर त्या किती दिवस टिकल्या असत्या?

नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, "तू सांभाळशील गं. तुला बोलता येतं." मला बोलता येतं हेच तर संकट होतं. माझी जीभ मला विचारून सुटत नाही.

आदल्या दिवशी मी शिवणताईकडे गेले आणि गोल गोल बोलायला लागले. तिने सुईतला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मशीन थांबलं की त्या सुरू होतात. मग मी थांबवतच नाही."

"दिवसभर?"

"तुझे दीर जाईपर्यंत."

"आणि तुमची वेळ झाली की?"

"माझं मी बघेन. तू टॉवेल उचल आधी."

म्हणजे टॉवेलांची अक्कलही तिचीच.

दीर-जाऊबाई आले ते जेवायच्या जरा आधी. दीर उंच, आवाज खर्जातला, बूटसुद्धा रांगेत काढून ठेवणारा माणूस. ते सरळ सासूबाईंपुढे जाऊन वाकले. "आई, मी आलो."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अदबीनं सांगितलं, "मीटर जिन्याखाली आहे. बघून घ्या."

दीर हसले. म्हणजे तोंड हसलं. मी घाईघाईने पाणी आणायला पळाले, कारण त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

जाऊबाईंनी हात धुतले आणि ओले हात पुढे धरून उभ्या राहिल्या. "अगं, टॉवेल?"

"धुवायला टाकलेत."

"सगळे?"

"एकदम टाकले की बरे निघतात."

त्यांनी हात झटकले आणि बोडक्या उशांकडे नजर टाकली. मी जेवायला वाढलं. पलीकडे मशीन चाललं होतं. मी वाढत होते, बोलत होते, प्रवास कसा झाला विचारत होते, आणि माझे कान भिंतीला चिकटले होते. मशीन चालू, म्हणजे सासूबाई शांत. त्या ताटातला भात बोटाने एका बाजूला करत होत्या, जशी बटणं करतात तशी.

"रविवारीसुद्धा हा आवाज?" दीर म्हणाले.

"ऑर्डर असेल. शाळा उघडतात ना आता."

"थांबतच नाही बाई," जाऊबाई म्हणाल्या.

थांबत नव्हतंच. आणि ताटं उचलताना माझ्या लक्षात आलं की मशीन रिकामं चाललंय. जाड कापड खाली असलं की मशीनचा आवाज दबका येतो. इतकी वर्षं ऐकून मला पँट कोणती आणि सदरा कोणता तेही भिंतीतून कळतं. आता येत होती ती नुसती हलकी टकटक. सुई हवेतच वरखाली होत होती. शिवणताईची दुपारची वेळ टळून गेली होती आणि ती बाई पायाखालची पट्टी दाबत बसली होती, आमच्या सासूबाईंच्या तोंडून तिची प्रार्थना निघू नये म्हणून. मला स्वतःचीच लाज वाटली. ताटं मोरीत जरा जोरातच आपटली गेली.

"काय गं?" जाऊबाई.

"काही नाही. निसटलं."

जेवण झाल्यावर दीर खुर्ची ओढून सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. हळू आवाजात त्यांना लहानपणच्या गोष्टी सांगायला लागले. शाळेत जाताना बुटाची नाडी कशी बांधायचीस, ताप आला तेव्हा मला पाठीवर घेऊन कशी चालत गेलीस. सासूबाई मान हलवत होत्या, पाहुण्याचं ऐकावं तसं. मध्येच विचारलं, "तुमची आई असते का अजून?"

दीर म्हणाले, "असते."

मला वाटलं आता हे उठतील. पण त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "चल आई, प्रार्थना म्हणू या. आपली. ती तरी येत असेल."

माझं धाबं दणाणलं. सासूबाईंनी आमची प्रार्थना म्हटल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मी म्हटलं, "दादा, त्या दमल्यात, थोडं पडू दे त्यांना." त्यांनी हातानेच मला थांबवलं.

आमच्या प्रार्थनेची एक रीत आहे. तिची पहिली ओळ आवाजात म्हणायची नसते, फक्त ओठ हलवायचे. मूल कळतं झालं की आई ती त्याच्या कानात सांगते, एकदाच. पुढे जन्मभर ती ओठांतल्या ओठांत. आवाज निघतो तो दुसऱ्या ओळीपासून. म्हणून आमच्यातले कुणीही प्रार्थनेला बसले की आधी क्षणभर शांतता असते आणि मग सगळे एकदम बोलू लागतात. दिरांचे ओठ हलले आणि ते आईच्या ओठांकडे पाहत राहिले.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि ओठबिठ न हलवता, खणखणीत आवाजात, दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

मला आधी नुसता आनंद झाला. आली! आमची आली! मी पदार्थ बिघडता बिघडता वाचल्यासारखा सुस्कारा सोडला. सासूबाई म्हणत होत्या, चुकत नव्हत्या, चेहरा कसा उजळला होता. फक्त प्रत्येक ओळ दोनदा. एकदा म्हणायच्या, जरा थांबायच्या, तीच ओळ पुन्हा. लहान मुलाला पाठ करून घेताना एकदा आपण म्हणतो आणि एकदा ते म्हणतं, अगदी तसं. सासूबाई दोघांचंही म्हणत होत्या.

दिरांनी तिसऱ्या की चौथ्या ओळीला डोळे उघडले.

"पहिली ओळ कुठे गेली?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, पहिली ओळ?" त्यांनी ओठ हलवून दाखवले. सासूबाईंनी कौतुकाने त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि पुन्हा दुसरीपासून सुरू केलं.

"हे तिला कुणीतरी नव्याने शिकवलंय," दीर माझ्याकडे वळले. "कुणी?"

"मी," मी ठोकून दिलं.

"तुला पहिली ओळ येते. तू शिकवलं असतंस तर तिच्यापासून शिकवलं असतंस." त्यांचा आवाज चढला. "आपल्यातल्या कुणीही तसंच केलं असतं. जिला फक्त ऐकू आलंय तीच अशी शिकवेल. कोण आहे ती?"

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं.

मी तोवर हे समजूनच घेत होते. महिनोन्‌महिने मी घाबरले होते की शिवणताईची प्रार्थना सासूबाईंच्या तोंडून बाहेर पडेल. आणि तिने काय केलं होतं, तर आमचीच त्यांच्या तोंडात परत घातली होती. मला एका शब्दाने न सांगता.

दारावर टकटक झाली. शिवणताई उभी होती, गळ्यात मोजायची टेप तशीच.

"मीच शिकवली," ती म्हणाली. "आवाज येत होता म्हणून आले. तिला बोलू नका."

"तुम्ही?" जाऊबाईंनी दिरांकडे पाहिलं. "तुम्हाला काय गरज?"

"माझी त्यांना आपोआप यायला लागली, शेजारी बसून बसून." शिवणताईने हे इतक्या सरळ सांगितलं की माझे टॉवेल, अभ्रे, पायपुसणं, सगळंच फुकट गेलं. "मला ते बरं नाही वाटलं. त्यांची स्वतःची असताना माझी कशाला? पण त्यांच्यासमोर त्यांची कुणी म्हणतच नव्हतं. हिला वेळ नसतो. मग मीच म्हटली. पूर्वी त्या म्हणायच्या तेव्हा भिंतीतून जेवढी ऐकू आली होती तेवढी." ती दिरांकडे वळली. "आधी अजून एक ओळ आहे का? मला माहीत नव्हतं. सांगा ना, उद्यापासून तिथून म्हणवून घेते."

दीर उभे राहिले. "ती बाहेरच्यांना सांगायची नसते."

"बरं," शिवणताई म्हणाली.

"आणि बाकीचीसुद्धा तुम्ही तोंडात घ्यायची नव्हती. तुमची तिला शिकवलीत, आमची तुम्ही शिकलात. चाललंय काय इथे?" मग जाऊबाईंना, "तिचे कपडे भर. आज घेऊन जाऊ."

मघापासून माझी जीभ वळवळत होती, ती सुटली. "बाहेरचं कोण, दादा? फोनवर चौकशी करणारे आतले, आणि आईंचं हगलं-मुतलं बघणारी बाहेरची? आईंनी तुम्हाला दारात मीटरवाला म्हटलं! हिला अक्का म्हणतात!"

बोलले आणि चटका बसला. मलाच. दिरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. जाऊबाई कपाट उघडून सासूबाईंचे कपडे बॅगेत टाकू लागल्या, घडी न घालताच.

आवाज चढले की सासूबाई घाबरतात. त्यात कपाट उघडलेलं, त्यांचे कपडे बॅगेत. त्या उठून उभ्या राहिल्या. "कुणाचं घर आहे हे? मला घरी न्या. अक्का, मला घरी ने." मशीन थांबलेलं होतं. त्यांचे हात आपोआप वर गेले, डोक्यावर घ्यायला काही सापडेना, म्हणून पलंगावर चाचपू लागले, उशी ओढली, ती बोडकी. भिंत चाचपली. हात पुन्हा डोक्यावर, पुन्हा खाली. रडू फुटलं त्यांना. उघड्या डोक्याने त्यांना ते म्हणता येत नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय राहवत नव्हतं.

दीर पुढे झाले. "आई, मी आहे ना." आणि खर्जातल्या आवाजात आमची प्रार्थना सुरू केली, दुसऱ्या ओळीपासून. परका माणूस अंगावर आल्यासारख्या सासूबाई मागे सरकल्या, थेट कोपऱ्यात. दिरांचा आवाज मध्येच बंद पडला.

मी शिवणताईला म्हटलं, "म्हणा तुम्ही. तुमची म्हणा."

तिने दिरांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. तिचे हात टेपला घट्ट धरून होते. मला तिचा राग येईना. उद्या खालचा किराणावाला सगळ्या गल्लीला काय सांगेल ते तिलाही ठाऊक होतं. या गल्लीत ती एकटी राहते.

मग मात्र माझ्यातलं भय कुठे गेलं कळलंच नाही. मी मोरीत गेले, धुण्याच्या मशीनचं झाकण उघडून एक टॉवेल ओढून काढला, बाहेर आले आणि मोठ्या दिरांच्या देखत सासूबाईंच्या डोक्यावर घातला. दोन्ही टोकं हनुवटीखाली धरली. आणि त्या काही म्हणेनात, हुंदके देत राहिल्या, तेव्हा मीच सुरुवात केली. शिवणताईची.

मला ती येत होती! मला माहीतच नव्हतं मला ती येते. पण भिंत काय एकाच बाजूने ऐकते? इतकी वर्षं भांडी घासताना, वेणी घालताना, कामावर जायच्या घाईत कानावर पडत गेलेली, ती तशीच्या तशी तोंडातून बाहेर येत होती. अर्थ कळत नव्हता. सूर तर माझा असा की शाळेत मला समूहगीतात शेवटच्या ओळीत उभं करायचे. मी आपली रेटत होते.

सासूबाईंचे हुंदके थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात जो आवाज लावायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "घाई करू नकोस. नीट म्हण."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या आवाजासाठी मी किती आसुसले होते ते तेव्हा कळलं. पुढची ओळ म्हणायची राहिली. ती शिवणताईने उचलली. दारातून आत येत, हळू, तिच्या नेहमीच्या चालीत. सासूबाई तिच्याबरोबर म्हणू लागल्या. ती पलंगावर बसली, त्या तिच्याशेजारी बसल्या. शेवटापर्यंत म्हटली दोघींनी. त्या प्रार्थनेचा शेवट तान्ह्याला निजवल्यासारखा संथ आहे. मी तो भिंतीतून ऐकला होता, समोरून पहिल्यांदाच पाहत होते. संपता संपता सासूबाईंचं डोकं शिवणताईच्या खांद्यावर कललं आणि त्या झोपल्या. टॉवेल डोक्यावर तसाच.

मी दिरांकडे बघायचं टाळत होते. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी म्हणत होते.

जाऊबाई बॅग घेऊन दाराशी आल्या. "चला," त्या कुजबुजल्या, "झोपेतच गाडीत बसवू. जाग्या झाल्या की ऐकायच्या नाहीत."

दीर जागचे हलले नाहीत. त्यांनी शिवणताईला विचारलं, "उठली की काय करते?"

"घाबरतात," शिवणताई पुटपुटली. खांदा हलू नये म्हणून ती मानसुद्धा वळवत नव्हती. "कुठे आहोत ते कळत नाही. समोर ओळखीचं माणूस दिसलं की मग बऱ्या होतात."

दीर आईजवळ येऊन वाकले. टॉवेलाखालून सासूबाईंचे पांढरे केस बाहेर आले होते. ते मागे सारायला त्यांनी हात पुढे केला, आणि शिवायच्या आतच मागे घेतला.

"बॅग ठेव," ते जाऊबाईंना म्हणाले.

"अहो, पण मंडळात—"

"ठेव म्हटलं ना. ती इथेच राहील. मंडळाचं मी बघतो."

जाऊबाईंनी बॅग खाली ठेवली. दिरांनी दाराजवळचे बूट उचलले, पायात घातले नाहीत, हातातच धरले.

"दादा, बसा ना," मी म्हटलं. मघाचं माझं बोलणं परत गिळता आलं असतं तर मी गिळलं असतं. "चहा टाकते."

"मी बाहेर जिन्यात बसतो," ते हळूच म्हणाले. "ती जागी होईल तेव्हा मी समोर नको."

आणि आवाज होऊ न देता त्यांनी दार ओढून घेतलं.